गुडघेदुखीवाल्यांचा व्यायामगट आपल्याच इमारतीत कसा सुरू करावा

मी महापालिकेच्या रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट होते. गुडघ्याचे पेशंट आमच्याकडे यायचे ते शेक घ्यायला. शेकाने तात्पुरतं बरं वाटतं, त्यात वाईट काही नाही. पण गुडघा सावरतात ते मांडीचे स्नायू, आणि स्नायू तयार होतात आठवडेच्या आठवडे केलेल्या व्यायामाने. व्यायामाचा छापील कागद प्रत्येकाला मिळायचा, घरी जाऊन तो करणारे मात्र फार थोडे. त्याचं कारण आळस नव्हतं. घरच्या गडबडीत, दुखऱ्या पायाने, ‘आणखी वाढलं तर?’ ही भीती मनात घेऊन एकटीने व्यायाम करत राहणं खरोखर कठीण आहे. तीच बाई, शेजारच्या चार जणी बरोबर असल्या आणि ‘एवढं दुखलं तर चालतं’ असं सांगणारं कोणी समोर असलं, की महिनोन्महिने येते.

निवृत्तीनंतर लालबागला आमच्या इमारतीच्या हॉलमध्ये मी असा गट सुरू केला. आता आजूबाजूच्या इमारतींतून ‘आमच्याकडे पण सुरू करून द्या’ म्हणून बोलावणं येतं. सगळीकडे मला जाता येत नाही. तुम्ही स्वतः सुरू करावं म्हणून हे सगळं लिहून काढते आहे.

पहिली गाठ भीतीशी

पहिल्या दिवशी कोणालाही उठवू नका. अर्धा तास नुसतं बोला. कारण प्रत्येकाच्या डोक्यात एक वाक्य पक्कं बसलेलं असतं: ‘वंगण संपलंय, आता गुडघा जितका कमी वापरू तितका टिकेल.’ हे उलट आहे, आणि ते समजावून सांगायला वेळ दिला नाही तर पुढचं सगळं फुकट जातं.

हाडाच्या टोकावर जी कूर्चा, म्हणजे गुळगुळीत गादी, असते तिला रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातल्या द्रवातून तिला पोषण मिळतं, आणि ते आत पोचतं दाब पडला आणि सुटला की, स्पंज दाबून सोडावा तसं. म्हणजे सांधा हलला तरच कूर्चेला खायला मिळतं. शिवाय पाय वापरला नाही की मांडीचे स्नायू बारीक होतात, मग प्रत्येक पायरीचा भार थेट सांध्यावर येतो, दुखणं वाढतं आणि माणूस आणखी कमी चालतो. हे चक्र तोडायचं आहे. एक्स-रेमध्ये ‘गॅप कमी झालाय’ असं लिहिलेलं असलं तरी घाबरू नका. एक्स-रे किती वाईट आणि माणसाला दुखतं किती, यांचा मेळ बरेचदा बसत नाही. खराब एक्स-रे घेऊन तीन मजले चढणारी माणसं मी पाहिली आहेत.

वजनाचं बोलायचं तर हळुवारपणे बोला, चारचौघांत कोणाकडे बोट दाखवू नका. पण आकडा सांगा, कारण तो लोकांना धीर देतो: अंगावरचं वजन एक किलो उतरलं तर चालताना प्रत्येक पावलामागे गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने कमी होतो. दहा-पंधरा किलो उतरवायची गरज नाही, तीन-चार किलोंनीही गुडघ्याला कळतं.

व्यायाम हा गुडघ्याच्या झिजेवरचा मूळ उपचार आहे, हे आता जगभर मान्य आहे. ब्रिटनच्या ‘नाईस’ संस्थेने २०२२च्या मार्गदर्शक सूचनांत झिजेच्या सगळ्या रुग्णांना व्यायाम द्या असं सांगितलं आहे. डेन्मार्कमध्ये २०१३पासून ‘ग्लॅड’ नावाचा कार्यक्रम चालतो: आधी माहितीचे वर्ग, मग सहा आठवडे आठवड्यातून दोनदा गटाने व्यायाम. ब्रिटनमधला ‘एस्केप-पेन’ही बारा वर्गांचा आहे. अमेरिकेत ‘वॉक विथ ईझ’ हा चालण्याचा कार्यक्रम सहा आठवड्यांचा. सगळ्यांचं हाड एकच आहे: थोडं शिकवायचं, गटाने करायचं, सहा-आठ आठवडे सोडायचं नाही. आपल्याला तेवढंच उचलायचं आहे. यंत्रं, काचेची जिम, काही लागत नाही.

जागा आणि वेळ

हॉल तळमजल्यावरच हवा. व्यायामाला यायला जिना चढावा लागत असेल तर ज्यांना सर्वांत जास्त गरज आहे तेच येणार नाहीत. सोसायटीचं ऑफिस, गणेशोत्सव मंडळाची खोली, देवळाचा सभामंडप, समाजकल्याण केंद्र, शाळेचा वर्ग, काहीही चालेल. जवळ कमोड असलेलं शौचालय आहे का ते आधी बघा. उकिडवं बसता येत नाही म्हणून घराबाहेर पडणंच टाळणाऱ्या बायका पुष्कळ आहेत. त्या हे कोणाला बोलून दाखवत नाहीत, नुसत्या येत नाहीत.

वेळ ठरवताना पाण्याची वेळ विचारा. ज्या चाळीत सकाळी सहा ते आठ पाणी येतं तिथे सात वाजता वर्ग ठेवलात तर बायका येणार कशा? शिवाय आमवाताच्या, म्हणजे रुमॅटॉइडच्या लोकांचे सांधे सकाळी तासभर तरी आखडलेले असतात. आमच्याकडे सायंकाळी साडेचारची वेळ सर्वांत चांगली चालली. दुपारची झोप झालेली असते, चहा झालेला असतो आणि दिवेलागणीच्या आत घरी जाता येतं. आठवड्यातून दोन दिवस पुरतात, पण वार बदलू नका.

खुर्च्या मंडपवाल्याच्या प्लॅस्टिकच्या चालतात, फक्त प्रत्येक खुर्चीवर आधी तुम्ही स्वतः बसून बघा. गुळगुळीत लादीवर त्यांचे पाय फाकतात. म्हणून पाठ भिंतीला टेकवूनच ठेवायच्या. ज्यांना खुर्चीतून उठायलाच जमत नाही त्यांना एकात एक घातलेल्या दोन खुर्च्या द्या. बैठक थोडी उंच होते, खुर्ची भक्कम होते आणि उठणं सोपं जातं. ताकद आली की खालची काढून घ्यायची. हातवाल्या आणि बिनहातवाल्या दोन्ही ठेवा.

पावसाळ्यात दाराशी छत्र्यांसाठी बादली आणि पाय पुसायला जाड पायपुसणं ठेवा. ओल्या लादीवर एक माणूस घसरला तर गट बंद पडलाच म्हणून समजा. सपाता घालून व्यायाम करू देऊ नका. मागून पट्टा असलेली चप्पल किंवा बूट हवेत, नाहीतर कोरड्या लादीवर अनवाणी. मधुमेह असलेल्यांनी मात्र अनवाणी नको. त्यांच्या पायाला जखम झालेली बरेचदा कळत नाही.

कोणाला आधी डॉक्टरकडे पाठवायचं

ही पायरी गाळू नका. एका वहीत प्रत्येकाचं नाव, वय, कोणते सांधे दुखतात, कोणती औषधं चालू आहेत, घरच्या माणसाचा फोन, एवढं लिहून घ्या. पुढच्यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टर, मग व्यायाम: सांधा लाल आणि गरम होऊन सुजलेला आहे, सोबत ताप आहे, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं आहे, कारण नसताना वजन उतरतंय, गुडघा मध्येच अडकून बसतो, नुकतेच पडलेत, चालताना छातीत दुखतं किंवा धाप लागते. पायात बधिरपणा येऊन लघवीवरचा ताबा जात असेल तर वाट न बघता रुग्णालयात न्यायचं. मुंबईत कुठे पाठवायचं हा प्रश्न फारसा नाही. साध्या तपासणीला जवळचा महापालिकेचा ‘आपला दवाखाना’ आहे. केईएम, सायन, नायरमध्ये फिजिओथेरपीचे विभाग आहेत आणि हाजी अलीला केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. केईएम, सायन आणि नायरला फिजिओथेरपी शिकवलीही जाते. विभागप्रमुखांना मंडळाच्या लेटरहेडवर पत्र द्या, निदान पहिल्या तपासणीला कोणी तज्ज्ञ मिळतो का ते विचारा. माझ्या मते कोणताही गट एकदा तरी फिजिओथेरपिस्टच्या नजरेखालून जायलाच हवा.

आमवाताच्या लोकांना गटाबाहेर ठेवू नका, फक्त त्यांचं वेगळं ध्यानात ठेवा. ज्या आठवड्यात सांधे भडकले असतील त्या आठवड्यात वजनं नाहीत, जोर नाही. खुर्चीत बसून सांधे हलके हलके पूर्ण फिरवायचे, बस. तरीही यायला मात्र सांगा. घरी राहिलं की मन खचतं. आमवात बऱ्याच वर्षांचा असेल तर मानेचे व्यायाम तज्ज्ञाने बघितल्याशिवाय नकोत, मान गोल फिरवणं तर नकोच. मानेचे वरचे मणके सैल झालेले असू शकतात. स्टेरॉइड खूप काळ घेतलं असेल तर हाडं ठिसूळ असू शकतात, अशांना कमरेत जोरात वाकवू नका.

पावसाळा संपता संपता चिकनगुनियावाले येऊ लागतात. ताप जाऊन आठवडे झाले तरी मनगटं, घोटे धरलेले असतात. त्यांना हळूहळू सुरुवात करून द्या. बहुतेकांना काही आठवड्यांत, काही महिन्यांत बरं वाटतं. तीन महिने उलटूनही सूज असेल तर संधिवाताच्या डॉक्टरांकडे पाठवा.

साखरेची औषधं घेणाऱ्यांनी उपाशी येऊ नये. एकादशी, चतुर्थी लक्षात ठेवा, त्या दिवशी अर्ध्या बायका उपाशी असतात. कोणाची साखर एकदम उतरली तर द्यायला साखरेची पुडी हॉलच्या कपाटात कायम असू द्या.

किती दुखलेलं चालतं

गटातला सर्वांत महत्त्वाचा धडा हाच. शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे असह्य. व्यायाम करताना दोनपर्यंत दुखलं तर बिनधास्त करा. पाचपर्यंत चालतं. पाचाच्या वर गेलं की तो व्यायाम तिथेच कमी करा: कमी वाकवा, कमी वेळा करा, उंच खुर्ची घ्या. आणि वर्गानंतर वाढलेलं दुखणं चोवीस तासांत नेहमीच्या पातळीवर यायला हवं. दुसऱ्या दिवशीही जास्तच असेल तर पुढच्या वेळी निम्म्याने करा. बंद करू नका, निम्म्याने करा. हा फरक लोकांना पुन्हा पुन्हा सांगावा लागतो. पहिल्या दोन आठवड्यांत मांड्या भरून येतात, ते स्नायूंचं दुखणं आहे. सांध्याचं दुखणं वेगळं असतं आणि चार वर्गांनंतर माणसाला त्यातला फरक आपोआप कळू लागतो.

वर्गाच्या सुरुवातीला प्रत्येकाला आकडा विचारा. आमच्याकडे एक मावशी कायम ‘दहा’ म्हणायच्या. त्यांना कोणी विचारलंच नव्हतं इतकी वर्षं. महिनाभर प्रत्येक वर्गात कोणीतरी विचारत राहिल्यावर त्या स्वतःहून ‘आज चार’ म्हणाल्या.

वर्गात काय करायचं

पाऊण तास पुरतो. पहिली दहा मिनिटं अंग मोकळं करा: जागच्या जागी पाय उचलणं, खांदे फिरवणं, घोटे फिरवणं, मुठी उघडणं-मिटणं, अंगठा एकेका बोटाला लावणं. हातांना विसरू नका. पोळ्या लाटून, नारळ खवून, कपडे पिळून अंगठ्याच्या मुळाशी दुखणाऱ्या बायका गुडघ्यांबद्दल बोलतात आणि हाताबद्दल गप्प राहतात. पीळ देण्याऐवजी कपडा नळाला गुंडाळून दोन्ही हातांनी ओढायचा, लाटण्याला, उलथन्याला कापड गुंडाळून मूठ जाड करायची, असल्या गोष्टी याच वेळी बोलून घ्या.

मग वीस-पंचवीस मिनिटं ताकदीचं काम. यातलं सर्वांत मोलाचं म्हणजे खुर्चीतून उठणं आणि बसणं. पाय खांद्याइतके रुंद, टाचा गुडघ्यांच्या जरा मागे, नाक पायांच्या बोटांवर येईल इतकं पुढे झुका आणि उठा. बसताना धपकन बसायचं नाही, तीन आकडे मोजत खाली या. गुडघे आत एकमेकांकडे वळत असतील तर थांबवा आणि दुरुस्त करा. आठ ते बारा वेळा, थोडी विश्रांती, पुन्हा तेवढंच. दुसरा व्यायाम बसल्या बसल्या: एक पाय सरळ करून मांडी घट्ट आवळायची, पाच आकडे धरायचं, सोडायचं. तो सोपा वाटू लागला की घोट्यावर तांदूळ भरलेली अर्ध्या किलोची कापडी पिशवी बांधा, मग एक किलोची. तिसरा, खुर्चीच्या पाठीला धरून टाचा उचलणं. चौथा, तसंच उभं राहून पाय बाजूला नेणं, अंग न कलवता. पाचवा, बुटक्या पायरीवर चढणं-उतरणं. हा शेवटी, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आणा.

श्वास रोखू देऊ नका. मोजदाद मोठ्याने करायला लावा, श्वास आपोआप चालू राहतो.

तोल पाच मिनिटं: खुर्चीला बोटं टेकून एका पायावर, मग एका पावलापुढे दुसरं पाऊल टेकवत चालणं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२०मध्ये ६५च्या पुढच्यांसाठी आठवड्यातून तीन दिवस असे तोलाचे व्यायाम सांगितले आहेत. म्हणजे एक दिवस घरी, ओट्याला धरून. शेवटी पोटरी आणि मांडीचा मागचा भाग ताणून घ्या, जुनी ओढणी तळपायाला लावून.

जिन्याचं तंत्र एक पूर्ण वर्ग देऊन शिकवा. मुंबईत जिन्यावाचून सुटका नाही. स्टेशनचा पूल आहे, चाळीचा लाकडी जिना आहे, बसचा पायठा आहे. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, कठड्याला हात. काठी दुखऱ्या बाजूच्या विरुद्ध हातात धरायची. निम्मी माणसं ती चुकीच्या हातात धरतात, आणि नुसता हात बदलल्याने पहिल्याच दिवशी त्यांचा चेहरा बदलतो. जमिनीवरून उठणंही शिकवा: आधी ओणवं व्हायचं, समोर खुर्ची, एक पाय पुढे रोवायचा, खुर्चीवर दोन्ही हातांनी जोर देऊन वर. घरात एकटं असताना पडलो तर उठता येईल का, ही धास्ती फार मोठी असते. पूजेला चौरंगाऐवजी उंच स्टूल घेतलं तर देव रागावत नाही, हेही मी प्रत्येकीला मनापासून सांगते.

बाकीचे दिवस चालणं. सोबतीशी बोलता येतंय पण गाणं म्हणता येणार नाही, एवढा वेग. दहा मिनिटांपासून सुरू करा आणि दर आठवड्याला थोडं वाढवा. जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा आठवड्याला निदान १५० मिनिटांचा आहे, पण तो पहिल्या महिन्यात कोणाला सांगू नका. फुटपाथ उखडलेला असतो म्हणून सपाट जागा शोधा: शिवाजी पार्क, पाच उद्यान, वरळी सी फेस, नाहीतर इमारतीचं पोडियम. ऑक्टोबरच्या उकाड्यात आणि डिसेंबर-जानेवारीत हवा धुरकट असते तेव्हा घरातच, पॅसेजमध्ये.

मोजायचं काय

बोलण्याचा दिवस झाला की व्यायामाच्या पहिल्या वर्गात दोन गोष्टी वहीत लिहा. एक, हात छातीवर घडी घालून तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उठून बसता येतं. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या तक्त्यानुसार ६५ ते ६९ वयाच्या स्त्रीला अकरापेक्षा कमी जमत असेल तर पडण्याचा धोका जास्त समजतात. कोणाला हात टेकल्याशिवाय एकदाही जमणार नाही. तसंच लिहा, हिणवू नका. दोन, त्या माणसाला नेमकं काय करायचं आहे. ‘दुखणं जाऊ दे’ हे उत्तर घेऊ नका. करी रोडच्या पुलावरून न थांबता जायचंय, नातवाला शाळेतून आणायचंय, भाजीची पिशवी स्वतः उचलायचीय, असं काहीतरी. सहा आठवड्यांनी दोन्ही पुन्हा तपासा. उठाबशांचा आकडा बहुतेकांचा वाढलेला असतो, आणि तो वहीत स्वतःच्या नावापुढे बघितला की माणूस पुढचे सहा आठवडे नक्की येतो.

गट टिकवणं

पाच जणांवर सुरू करा. मुंबईला याची सवय आहे. हास्यक्लबसुद्धा १९९५मध्ये अंधेरीच्या लोखंडवालातल्या बागेत डॉ. मदन कटारिया यांनी पाचच जणांना घेऊन सुरू केला होता. एका शिकवणाऱ्यामागे दहा-बारापेक्षा जास्त माणसं नकोत, नाहीतर कोणाचा गुडघा आत वळतोय ते दिसत नाही. संख्या वाढली की दुसरी वेळ काढा.

महिन्याला थोडी वर्गणी घ्या, पन्नास रुपये का होईना. फुकट वर्गाला लोक सवडीने येतात. ज्यांना तेवढंही जड आहे त्यांच्याकडून घेऊ नका, आणि त्याचा गाजावाजाही करू नका.

जो आला नाही त्याला त्याच संध्याकाळी फोन. व्हॉट्सॲपचा निरोप नव्हे, फोन. ‘काकू, आज दिसला नाहीत’ एवढंच. हे काम गटातल्याच दोघींकडे द्या आणि त्यांना व्यायाम घ्यायलाही शिकवा. सगळं एका माणसावर चालणारा गट त्या माणसाच्या पहिल्या आजारपणात बंद पडतो.

पुरुष येत नाहीत, ही सगळीकडची तक्रार. बायकांचा वर्ग म्हणून ते दारातून परत जातात. त्यांना काम द्या. हजेरी मांडणं, घड्याळ लावून मोजणं, खुर्च्या लावणं. आमच्याकडचे गिरणीत काम केलेले एक आजोबा फक्त मोजायला म्हणून आले. आता सर्वांच्या आधी येऊन भिंतीजवळची खुर्ची धरतात.

सणांची तयारी आधी करा. गणपतीत हॉल मिळत नाही, नवरात्रात वेळ मिळत नाही, आणि खंड पडला की चार जण कायमचे गळतात. म्हणून सुट्टीआधीच्या वर्गात चारच व्यायाम घरी द्या: उठणं-बसणं, पाय सरळ करून धरणं, टाचा उचलणं, ओट्याला धरून एका पायावर उभं राहणं. चारांपेक्षा जास्त दिलेत तर एकही होत नाही. ते भाकरीच्या तव्यासमोर उभं असताना, मालिका बघताना कधी करायचे तेही ठरवून द्या. अनंत चतुर्दशीनंतरच्या पहिल्या वर्गाची तारीख मंडळाच्या फलकावर सुट्टी लागण्याआधीच लिहा, आणि त्या दिवशी दुपारी दोघींनी मिळून सगळ्यांना फोन करा.